साधनाबाईंच्या समाधानाची मंडई

साधना सिस्टर हसत नाहीत, ही गंभीर बाब मी लेखी स्वरूपात वैद्यकीय अधीक्षकांच्या निदर्शनास आणून दिली, तेव्हा माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता आणि बाकी मी पूर्ण शुद्धीवर होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे काही रामायण झालं त्याबद्दल लोक मला बोल लावतात. मी केवळराम मोहुर्ले, सेवानिवृत्त ग्रामसेवक. नोकरीभर गावानं माझ्याविरुद्ध तक्रारी केल्या. आता कुठं माझी पाळी आली होती, ती मी का सोडावी?

पाय मोडला तो धानाच्या बांधीत, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून घसरून. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मला भरती केलं. बायकांच्या वॉर्डाचं छत गळतं म्हणून तिथल्या खाटा पुरुषांच्या वॉर्डात आणून मधे एक हिरवा पडदा टाकलेला आहे. ही व्यवस्था तात्पुरती आहे, असं पडद्यावरच लिहिलं आहे, आणि ती अक्षरं आता पुसट झाली आहेत. माझी बायको रंभा खाटेशेजारी स्टुलावर बसून असायची. तिला माझी कुठलीच तक्रार कधी पटलेली नाही, पण तो वेगळा विषय आहे.

साधना सिस्टर म्हणजे चाळिशीच्या, सडपातळ, पायात रबरी चपला. इंजेक्शन त्याच द्यायच्या, सलाईन त्याच लावायच्या, बाळंतिणीच्या खोलीत त्याच धावायच्या, व्हरांड्यातली कुत्री त्याच हाकलायच्या, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना डॉक्टर कुठं गेले हेही त्यांनाच सांगावं लागायचं. एवढं सगळं त्या करायच्या, नाही म्हणत नाही. पण हसायच्या नाहीत. माझ्या अपेक्षा फार साध्या होत्या. रात्री मच्छरांसाठी पंखा वाढवा, पहाटे थंडी वाजली की कमी करा, आणि हे करताना चेहरा जरा प्रसन्न ठेवा. पंख्याचं काम व्हायचं, चेहऱ्याचं राहून जायचं.

"तुमाले काऊन पायजे तिचं हसणं?" रंभा म्हणाली. "पाय जुळवाले आले का फोटो काढाले?"

"हसणं हा रुग्णाचा हक्क आहे," मी म्हणालो. तसा नियम आहे की नाही मला माहीत नव्हतं, पण नोकरीत मी बरेच नियम असेच बनवले होते.

अधीक्षक साहेब तरुण आणि तत्पर. ते तक्रार हातात घेऊन थेट वॉर्डात आले आणि माझ्या खाटेपाशीच चौकशी सुरू केली. "सिस्टर, आपल्या हसण्याबाबत तक्रार प्राप्त झालेली आहे. आपलं म्हणणं काय?"

साधनाबाईंच्या एका हातात सलाईनची बाटली होती. "साहेब, हसाले येते मले," त्या म्हणाल्या. "पण थकून गेली हाव. रीता सिस्टरची ड्युटी बी मीच करून राह्यली. एक काम करा, मंडईची रजा द्या मले. दोन वर्सं झाले, गावाले गेली नाई. मायचा निरोप आला, औंदा तरी ये म्हणते, पुढच्या मंडईले मी असन का नसन."

पुण्या-मुंबईकडं मंडई म्हटलं की लोकांना कोथिंबीर दिसते, म्हणून खुलासा करतो. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतर प्रत्येक गावानं आपापल्या दिवशी भरवलेली जत्रा. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, जावयांसाठी कोंबडे कापले जातात, सोयरिकी जुळतात, दुपारी दंडार, म्हणजे ढोलकीवरचा नाचगाण्याचा खेळ होतो, रात्री नाटक. ज्या घरची पोरगी आली नाही, त्या घरच्या माणसाला दिवसभर गावाला उत्तरं देत फिरावं लागतं. साधनाबाईंची माय गिरजाबाई, नवरा गेल्यापासून एकटीच. दोन मंडया ती उत्तरं देत फिरली होती. पोरगी मोठ्या दवाखान्यात आहे, सरकार तिला सोडत नाही, असं ती सांगायची आणि घरी जाऊन एकटीच वडे खायची.

एक दिवसाची रजा. मागणी इतकीच होती. पण साहेबांनी त्यातला फक्त एक शब्द पकडला, 'थकून'. सरकारी कामात माणूस थकला तर चालतं, तो तसं बोलला तर अडचण होते. त्याच महिन्यात वरून एक परिपत्रक आलं होतं, की परिचारिकांच्या कार्यसमाधानात वाढ करून महिनाअखेर जिल्हा असमाधानमुक्त घोषित करण्यात यावा. साहेबांनी साधनाबाईंकडं असं पाहिलं, जणू गोठ्यात लाळ्या-खुरकुताची पहिली गाय सापडावी.

"रजेचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी आपल्या समाधानाचं बघितलं पाहिजे."

समाधानासाठी प्रथम जागा लागते. रुग्णालयात मोकळी खोली एकच होती, सिस्टर लोकांची. तिथं त्या कपडे बदलायच्या, डबा खायच्या आणि कधी जमलं तर एका मोडक्या पलंगावर पाठ टेकवायच्या. हेड क्लार्क अजीमभाऊंनी पलंग बाहेर काढला, भिंतीला गुलाबी रंग मारला, आणि दारावर पाटी लावली: 'परिचारिका तणावमुक्ती कक्ष'. तपासणीपर्यंत खोली स्वच्छ राहावी म्हणून तिला कुलूप लावण्यात आलं. डबा खायची सोय एक्स-रे मशीनच्या मागं झाली. मशीन बंदच होतं, त्यामुळं कोणाचीच गैरसोय झाली नाही.

कक्ष उभा राहिला तर तो सांभाळायला माणूस हवा. रीता सिस्टरला 'समाधान समन्वयक' म्हणून नेमण्यात आलं आणि वॉर्डातून मुक्त करण्यात आलं. मुक्त झाल्याबरोबर रीता खरोखर समाधानी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. रुग्णालयातला निम्मा तणाव त्या एका आदेशानं नाहीसा झाला. उरलेला निम्मा साधनाबाईंकडं वर्ग करण्यात आला.

मग नागपूरहून एक सल्लागार मॅडम आल्या. त्यांनी सांगितलं की माशांकडं एकटक पाहिल्यानं मन शांत होतं. म्हणून कक्षात काचेची पेटी बसवली आणि रंगीत मासे सोडले. आता आमच्या भागात तळं नाही असं गाव नाही आणि मासा खात नाही असं घर शोधावं लागतं. इथल्या माणसाला मासा दिसला की शांती येत नाही, भूक लागते. रंभा खिडकीतून पाहून आली आणि म्हणाली, "एवढेसे त आहेत. रश्श्याले बी पुरत नाई."

मासे आले म्हणजे त्यांना खायला घालणं, पाणी बदलणं, काच पुसणं आलं. समन्वयकाच्या कामात हे बसत नव्हतं, रीतानं नियम दाखवला. तेव्हा मत्स्यसेवेची ड्युटी साधनाबाईंना लागली. त्या इंजेक्शनं आटोपून माशांकडं जायच्या, माशांकडून बाळंतिणीकडं. मला पंख्यासाठी दोन-दोन हाका माराव्या लागू लागल्या. मी दुसरी तक्रार लिहायला घेतली, पण रंभानं पेन लपवला.

एका सकाळी एक मासा उलटा तरंगताना आढळला. अजीमभाऊ माणूस चांगला, पण कागदापुढं त्यांचं काही चालत नाही. त्यांनी मान खाली घालून साधनाबाईंच्या हातात खुलासापत्र ठेवलं. आपल्या मनातील असमाधानाचा विपरीत परिणाम होऊन सदर मासा मृत झाला, असे का समजण्यात येऊ नये?

साधनाबाई ते उभ्या उभ्या वाचत राहिल्या. "अजीमभाऊ, मागल्या हप्त्यात त्या पोराले सहा घंटे ऑक्सिजन धरून उभी होती मी, तो वाचला. त्याचं पत्र नाई आलं?"

"बाई, वाचल्याचा नमुनाच नाई ना आपल्याकडे," अजीमभाऊ म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी स्वतःच्या पैशानं नवीन मासा आणून टाकला.

मंडई आठवड्यावर आली. साधनाबाई पुन्हा साहेबांपुढं उभ्या राहिल्या. या वेळी साहेब राउंडवर होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, एकच दिवस. सकाळच्या बसनं जातो, दुसऱ्या दिवशी सकाळी येतो."

"सिस्टर, मला सांगा, आपण समाधानी आहात की असमाधानी?"

साधनाबाईंनी विचार केला. "समाधानी हाव साहेब."

"उत्तम. मग रजा कशाला? समाधानी कर्मचाऱ्याला रजेची गरजच पडत नाही."

"मंग नाई. असमाधानी हाव."

"अरेरे. अशा मनःस्थितीत आपल्याला एकटं बाहेर पाठवणं प्रशासनाला परवडणार नाही. शिवाय महिनाअखेर जिल्हा मुक्त व्हायचा आहे. आपण आमच्या शेवटच्या रुग्ण आहात."

मी नोकरीत बरेच अर्ज नामंजूर केले, पण एवढं स्वच्छ काम मला कधी जमलं नाही. मी मनातल्या मनात साहेबांना सलाम केला. साधनाबाई पडद्यामागं गेल्या, आणि बऱ्याच वेळानं नाक पुसत बाहेर आल्या. रंभा उठून त्यांच्याजवळ गेली आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली. इकडं माझी गोळीची वेळ टळत होती.

साहेब मात्र दगडाच्या काळजाचे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते वॉर्डात आले ते उत्साहानंच. "सिस्टर, तोडगा निघाला. आपल्याला रजा देता येत नाही, पण मंडई देता येते. आपण मंडईला जाऊ शकत नसाल तर मंडई आपल्याकडं येईल. रुग्णालयाच्या पटांगणात, त्याच दिवशी. परिचारिका समाधान मंडई."

"रोग हल्याले अन् इलाज पखालीले," रंभा पुटपुटली. पण तोवर वरून मंजुरीही आली होती. रजेच्या अर्जाला जो कागद महिनाभर मिळत नाही, तो मंडपाला तासाभरात मिळाला.

मंडईची तयारी कोणी करायची हा प्रश्न आला, तेव्हा उत्तर सोपं होतं. ज्यांच्या समाधानासाठी मंडई, त्यांनीच. साधनाबाईंनी ड्युटी सांभाळून पताका लावल्या, रांगोळी काढली, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकले. स्वागतगीतही त्यांनाच बसवावं लागलं. मंडईच्या दिवशी त्या नऊवारी नेसून, हातात ओवाळणीचं ताट घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. पाहुणे सकाळी यायचे होते, ते दुपारी आले. मधल्या वेळात त्या ताट खाली ठेवून धावत येऊन इंजेक्शनं देऊन गेल्या. नऊवारीत धावता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

माझी खाट खिडकीशीच होती. बांगड्यांची दुकानं, फुगे, भज्यांच्या कढया, दंडारीच्या ढोलक्या, काय नव्हतं! आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटली. साहेबांचं भाषण झालं, पाहुण्यांचं झालं, आणि मग साधनाबाईंना 'मी आणि माझं समाधान' या विषयावर दोन शब्द बोलायला उभं केलं.

नेमकी तेव्हाच गिरजाबाई फाटकातून आत आली. पांढरे केस, हातात फडक्यात बांधलेला डबा. स्वतःच्या गावची मंडई सोडून ती दोन बसा बदलून आली होती. तिनं गावात सांगितलं म्हणे, "माही पोरगी मंडईले येत नाई त सरकारनं मंडईच पोरीच्या दारात नेली." पुढं जायला लागली तर शिपायानं अडवलं. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या होत्या. ती म्हणाली, "थे बोलून राह्यली ना, थे माही पोरगी होय." शिपाई म्हणाला, कार्यक्रम संपल्यावर भेटा.

कार्यक्रम काही संपेना. भाषणामागून सत्कार, सत्कारामागून फोटो, फोटोमागून पाहुण्यांचं जेवण, आणि वाढायला साधनाबाई. गिरजाबाई कढईजवळ डबा मांडीवर धरून बसून राहिली. डबा पोरीसाठी होता, झिंग्याचा, म्हणून तिनं तो उघडला नाही. भूक लागली तेव्हा भजी घेऊन खाल्ली.

भज्यांच्या तेलाबद्दल मला काही म्हणायचं नाही, चौकशी सुरू आहे. संध्याकाळपासून लोक पोट धरून यायला लागले. फुगेवाला आला, ढोलकीवाला आला, स्वागताध्यक्ष आले. खाटा भरल्या, मग चटया भरल्या, मग व्हरांडा भरला. पाहुणे आधीच गाडीत बसून गेले होते. साहेब अहवाल लिहायला बसले. रीता समन्वयक असल्यामुळं समन्वय करत होती. साधनाबाईंनी नऊवारीचा पदर खोचला आणि कामाला लागल्या. पडद्यापलीकडं, माझ्यापासून हातभर अंतरावर, एका म्हातारीच्या हातात सुई टोचायला त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"माय?" त्या म्हणाल्या. "तू? तू कुठून आली वं?"

"मंडईले आली," गिरजाबाई क्षीण आवाजात म्हणाली. "भेटाव म्हटलं. तुले वेळच नव्हता, बाई. झिंगे आणले होते, पाह्य ना, नासले त नसन." मग तिनं पोरीचा चेहरा नीट पाहिला. "कितीक थकली वं तू."

साधनाबाईंनी सुई नीट टोचली, बाटली लावली, चिकटपट्टी लावली, आणि पुढच्या चटईकडं गेल्या. तिथं फुगेवाला ओकत होता.

सकाळी वॉर्ड निवला. लोक बरे होऊन एकेक करून निघाले. गिरजाबाईची सलाईन संपत आली होती. साहेब प्रसन्न मुद्रेनं आले, सोबत अजीमभाऊ. आई आणि कन्येची मंडईच्या दिवशी भेट झाली, ती शासकीय खर्चानं आणि कर्मचाऱ्यानं रजा न घेता झाली, सबब उद्दिष्ट साध्य, जिल्हा असमाधानमुक्त. असं त्यांनी उभ्यानंच सांगितलं आणि अजीमभाऊंनी टिपून घेतलं. पुढच्या वर्षी हा प्रयोग सगळ्या तालुक्यांत करायचं ठरतं आहे.

ते गेल्यावर साधनाबाई मायच्या खाटेच्या कडेवर टेकल्या. महिनाभरात त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. गिरजाबाईनं डबा उघडला, एक घास त्यांच्या तोंडात घातला आणि त्यांचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. घास गालातच राहिला. साधनाबाई झोपल्या. गिरजाबाई त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिली. रंभानं पडदा हळूच ओढून घेतला, आणि वॉर्डात सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. खोकणारे तोंडावर हात धरून खोकू लागले.

आता हे सगळं ठीक आहे. माझं मनही काही लाकडाचं नाही. पण पंखा सुरू होता आणि मला थंडी वाजत होती.

"सिस्टर," मी हाक मारली.

रंभानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं तिनं लग्नात पहिल्यांदा पाहिलं होतं आणि त्यानंतर पस्तावली होती. मी पुन्हा हाक मारली. साधनाबाई दचकून उठल्या, गालातला घास गिळला, पदर सावरला आणि धावत आल्या.

"माफ करा भाऊ, डोळा लागला होता," त्या म्हणाल्या आणि पंखा बंद केला. आणि काय सांगू, माझ्याकडं पाहून त्या चक्क हसल्या. माझी तक्रार निकाली निघाली.

पडद्यामागून गिरजाबाईचा आवाज आला. "भाऊ, बटण त तुमच्याच उशाशी होय ना?"

होतं. पहिल्या दिवसापासून तिथंच होतं, पाय मोडला होता, हात नाही. पण बाई, हा प्रश्न बटणाचा नाही, तत्त्वाचा आहे, असं मी म्हणालो, आणि वॉर्डात कोणी माझ्याशी दिवसभर बोललं नाही. तुम्हीही आता मनात मला शिव्या घालत असाल. खुशाल घाला. फक्त एक सांगा. तुम्ही मागं कधीतरी दवाखान्यात होता, नाही तर तुमचं माणूस होतं, आणि एक सिस्टर होती, जिला तुम्ही घटकाघटकानं हाका मारत होता. तिचं नाव काय होतं?

मला निदान नाव तरी ठाऊक आहे. तक्रारीत लिहावं लागतं.